न झालेला खून

रत्नागिरीच्या लोकमित्र वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी हरिश्चंद्र धनावडे एकोणतीस वर्षं बसला. सभासदाने पुस्तक पुढे केलं की नंबर बघायचा, तारखेचा शिक्का मारायचा, उशीर झाला असेल तर चष्म्यावरून एकदा बघायचं. बोलायची वेळ सहसा यायची नाही, ते बघणंच पुरायचं. सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी चार ते आठ असं वाचनालय उघडं असे. मधल्या वेळात बाकीचे घरी जेवायला नि लवंडायला जात. हरिश्चंद्राची बायको लांज्याच्या आतल्या अंगाला गावी, शेत आणि सासू सांभाळून होती. इथे त्याची भाड्याची एक खोली, तिथे जाऊन करायचं काय? तो डबा टेबलावरच खायचा आणि फाटक्या पुस्तकांची बांधणी करत बसायचा. खळ शिजवणं, पुठ्ठे कापणं, पाठीला कापडाची पट्टी लावणं, सगळं त्याचं तोच शिकला होता.

त्याला आणखी एक गोष्ट येत होती, ती म्हणजे मोडी. त्याच्या लहानपणी शाळेत ती सगळ्यांनाच होती, पण बाकीच्यांनी ती परीक्षेबरोबर सोडून दिली. हरिश्चंद्राच्या बापाकडे जमिनीचे चार जुने कागद होते आणि ते परक्याकडून वाचून घ्यायचे नव्हते, म्हणून बापाने पोराला म्हाताऱ्या सदू मास्तरांकडे नेऊन बसवला. दोन वर्षांनी पोराने कागद वाचले, तेव्हा जमीन आपली नव्हतीच एवढं कळलं. बाप महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. पण लिपी डोळ्यांत बसली ती बसलीच.

एकोणऐंशी साली शहरातल्या एका जुन्या वकिली घराण्याने घर विकलं आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक वाचनालयाला देऊन टाकली. आत सगळे मोडी कागद. कार्यवाह आप्पा बेहेऱ्यांनी झाकण उघडून बघितलं, शिंकले, आणि ट्रंक जिन्याखाली ठेवायला सांगितली. हरिश्चंद्राने दुपारच्या वेळात एकेक बाड सोडून वाचायला घेतलं. बहुतेक सगळे बांधाचे, वाटपाचे तंटे होते. पण तळाशी एक जाड बाड निघालं, ते वाचायला लागल्यावर त्याचं बांधणीचं काम दोन महिने तसंच पडून राहिलं.

हकिगत अठराशे एक्याण्णव सालातली. जयगडच्या अलीकडच्या एका बंदरातला मोरू तांडेल आपला मचवा घेऊन मुंबईला निघाला होता. मचव्यावर राजापूरचा एक कापडवाला व्यापारी होता, कमरेला रुपयांचा कसा बांधून. मुंबईला मचवा लागला तेव्हा व्यापारी त्यावर नव्हता. तेराव्या दिवशी प्रेत किनाऱ्याला आलं, कमरेला कसा नव्हता. भागोजी नावाच्या खलाशाने साक्ष दिली की, तांडेलाने त्याला वल्ह्याने हाणला आणि समुद्रात लोटला. मोरूला फाशी झाली. वकिलाने बचावासाठी टिपलेले मुद्दे, जबान्यांच्या नकला, सगळं त्या बाडात होतं. आणि सगळ्यात शेवटी, टाचणीने लावलेलं एक पत्र. फाशीनंतर बारा वर्षांनी त्याच भागोजीने मरणाच्या वाटेवर असताना दुसऱ्याकडून लिहवून वकिलाला पाठवलेलं, खाली अंगठा.

त्यात त्याने लिहवलं होतं की, खून झालाच नाही. व्यापाऱ्याला दर्या लागला होता. ओकायला तो कडेशी वाकला, तेवढ्यात शीड फिरलं आणि तो पाण्यात गेला, कसा कमरेलाच. तांडेलाने मचवा वळवला, उजाडेपर्यंत तिथेच फेऱ्या मारल्या, दोनदा स्वतः पाण्यात उतरला. पुढे फौजदाराने भागोजीला तीन दिवस उपाशी टांगून ठेवला, तेव्हा तो फौजदाराला हवं ते बोलला. पत्राच्या कडेला वकिलाने बारीक अक्षरात शेरा मारला होता, ‘आता उपयोग नाही. ठेवून द्यावे.’

हरिश्चंद्राने तो शेरा पुन्हा पुन्हा वाचला. त्याला वकिलाचा राग आला. मेलेल्या वकिलावर रागवून काय होणार, हेही कळत होतं.

बाडात तांडेलाच्या बायकोचं नाव होतं, राही, आणि ती दोन पोरं घेऊन रत्नागिरीला राहायला गेल्याची नोंद. पेठकिल्ल्याच्या उतारावरची कमळा मासळीबाजारात बसायची, तिच्याकडून हरिश्चंद्र बरीच वर्षं मासे घेत होता. तिच्यामागे बायका तिला ‘फाशीवाल्यांची कमळा’ म्हणत. का म्हणतात ते त्याने कधी विचारलं नव्हतं. गावाकडे घराण्यांना काहीही नावं असतात. आता त्याने विचारलं, “कमळाबाय, तुमच्या आजीचं नाव राही का?”

कमळाची सुरी सुरमईच्या मानेत होती, तिथेच थांबली. नव्वद वर्षांत त्या घरच्या माणसाला हा प्रश्न कुणी चांगल्या मनाने विचारला नसावा. तिने विचारलं, तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, कागदाने.

पुढच्या रविवारी तो तिच्या घरी गेला. भागोजीचं पत्र त्याने चांगल्या कागदावर बाळबोधीत उतरून घेतलं होतं. कमळा, तिचा भाऊ जानू, जानूची बायको, कमळाचा मुलगा नि सून, सगळी ओटीवर बसली. कमळाची सात वर्षांची नात मालन तिच्या मांडीवर होती. हरिश्चंद्राने सावकाश, एकेक शब्द सोडवून वाचलं. मग कमळा म्हणाली, “म्हंजे आमच्या आज्याने कायच केला नाय?”

“काहीच नाही. उलट उजाडेपर्यंत शोधत होता.”

कमळा उठून आत गेली आणि एका फडक्यात गुंडाळलेला चांदीचा करगोटा घेऊन आली. आज्याच्या कमरेचा. राही तुरुंगाच्या दाराशी दोन दिवस बसून राहिली होती, प्रेत मिळालं नाही, एका शिपायाने हा हातात आणून दिला. राहीने पुढे भांडी विकली, जाळी विकली, हा विकला नाही. आपण तेरा वर्षांच्या असताना आजी गेली, जाईपर्यंत रोज संध्याकाळी हा हातात धरून बसायची, असं कमळाने सांगितलं. मग तिने पत्राची नकल मागून घेतली आणि करगोट्याबरोबर त्याच फडक्यात बांधून ठेवली. त्या दिवसापासून हरिश्चंद्र तिच्यासाठी हरीभाव झाला. त्याच्यासाठी पापलेटं वेगळी काढून ठेवली जायची. बाजारातल्या बायकांना ती बोलावून सांगायची, आमच्या आज्याचा कागद वाचला तो हाच. हरिश्चंद्राच्या आयुष्यात कुणाच्या उपयोगी पडल्याची एवढी चारच वर्षं.

त्र्याऐंशी साली पुण्याहून शरच्चंद्र उमराणी आले. मोठं नाव. जुन्या काळातल्या गुन्ह्यांवर त्यांच्या तीन कादंबऱ्या आलेल्या, आणि तिन्हींची वाचनालयातली प्रत दोनदा बांधावी लागली होती. चौथीसाठी त्यांना कोकणातलं काहीतरी हवं होतं. आप्पा बेहेऱ्यांनी ट्रंकेची आठवण काढली. उमराण्यांना मोडी येत नव्हती. मग हरिश्चंद्राने आठ महिने दुपारी बसून पूर्ण बाड पाच वह्यांत उतरवून दिलं. पोस्टाने एकेक वही जायची आणि उमराण्यांचं पत्र यायचं, ‘प्रिय हरिश्चंद्रराव, अद्भुत आहे. तांडेलाला न्याय मिळवून द्यायचं भाग्य आपल्या दोघांचं.’ ती पत्रं तो खिशात घालून हिंडायचा. बायकोला गावी नेऊन वाचून दाखवली. तिने विचारलं, आपल्या दोघांचं म्हणजे कुणाचं? तो म्हणाला, त्यांचं नि माझं. ती म्हणाली, बघा हं.

उमराणी एकदा येऊन कमळाकडेही गेले. त्यांना हरिश्चंद्रानेच नेलं. कमळाने तांदळाची भाकरी, कोलंबीचं सुकं, सोलकढी केली. करगोटा त्यांच्या हातात दिला. ते तो खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिले, त्यांचे डोळे ओले झाले होते, हे हरिश्चंद्राने स्वतः पाहिलं. पुण्याला परत जाताना ते मूळ बाड फोटो काढायला घेऊन गेले, आठ दिवसांत परत देतो म्हणाले. आप्पांनी हो म्हटलं. एका दिवसाचा उशीर झालेल्या शाळकरी मुलीकडेही चष्म्यावरून बघणाऱ्या हरिश्चंद्राने त्या बाडाची नोंद कुठल्याही वहीत केली नाही. लेखकाकडून सही घ्यायची त्याला लाज वाटली.

कादंबरी पंच्याऐंशीच्या अखेरीला आली. शहाऐंशीच्या फेब्रुवारीत वाचनालयाने उमराण्यांचं व्याख्यान ठेवलं. शनिवारी संध्याकाळी सहाला, ‘मी आणि माझी कादंबरी’. हरिश्चंद्राने गावातल्या फळ्यांवर स्वतः खडूने लिहिलं. बाजारात जाऊन त्याने कमळाला सांगितलं, सगळ्यांनी यायचं, पुढे बसायचं. तिने विचारलं, आज्याचं नाव घेतील ना? तो म्हणाला, त्याच्याचबद्दल तर आहे.

पुस्तकाच्या दोन प्रती व्याख्यानाच्या तीन दिवस आधी टपालाने आल्या. हरिश्चंद्राने त्यांना तपकिरी कागदाची कव्हरं घातली, शिक्के मारले, आणि दुपारी वाचायला बसला. आधी त्याने ऋणनिर्देश उघडला. सतरा नावं होती. शेवटी एक ओळ होती, ‘जुन्या कागदपत्रांच्या वाचनात स्थानिक सेवकवर्गाचे साहाय्य झाले.’ ठीक आहे, तो मनाशी म्हणाला. आपलं नाव येण्यासाठी थोडंच केलं. तरी त्याने सतरा नावं पुन्हा एकदा पाहिली.

मग पुस्तक वाचलं. बुधवारी दुपारी निम्मं आणि गुरुवारी दुपारी उरलेलं. तारखा, वारा, मचव्यावरचं सामान, साक्षीदारांचं बोलणं, सगळं त्याच्या वह्यांतलं होतं, कुठे कुठे तर ओळीच्या ओळी तशाच. गावाचं नाव खरं होतं. मोरू तांडेल खरा होता, राही खरी होती. फक्त पुस्तकातली राही व्यापाऱ्याच्या नादी लागलेली होती. व्यापाऱ्याने तिला चांदीचा करगोटा घडवून दिला होता. मोरूने तो पाहिला आणि भर समुद्रात व्यापाऱ्याला वल्ह्याने मारला. भागोजीचं पत्रही पुस्तकात होतं. ते राहीने त्याच्याकडून पैसे चारून लिहवून घेतलेलं खोटं पत्र होतं.

चार वाजले, लोक दाराशी येऊन उभे राहिले, तरी हरिश्चंद्राने कडी काढली नाही. शेवटी कुणीतरी दार वाजवलं.

शुक्रवारी सकाळी तो बाजारात गेला. सांगायचं ठरवून गेला होता. कमळाने त्याला पाहताच नवं लुगडं घेतल्याचं सांगितलं, हिरवं, आणि जानू दाढी करून येणार आहे म्हणून सांगितलं. शेजारच्या दोन बायकांनाही तिने बोलावलं होतं. त्या हसत हरिश्चंद्राकडे बघत होत्या. त्याने मासे घेतले आणि परत आला. आज त्याला त्या सकाळचं काही आठवलं तर एवढंच आठवतं की पिशवी गळत होती आणि वाचनालयाच्या पायरीपर्यंत त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं.

तो आप्पांकडे गेला. आप्पांनी पुस्तक वाचलं नव्हतं, पण त्यांनी समजूत घातली की, अरे, ती कादंबरी आहे, कोर्टाचा निकाल नाही, आणि एवढा मोठा माणूस आपल्याकडे येतोय. शनिवारी दुपारी उमराणी विश्रामगृहावर उतरले, तेव्हा हरिश्चंद्र तिथे जाऊन उभा राहिला. उमराण्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. त्याला जे बोलायचं होतं ते त्यांनी अर्ध्यातच ओळखलं.

“धनावडे, तुमच्या वह्या नसत्या तर हे पुस्तक नसतं, हे मी कुठेही मान्य करीन,” ते म्हणाले. “पण तुम्हीच विचार करा. खून झालाच नाही म्हटल्यावर खुनाची कादंबरी कशाची लिहायची? एक माणूस ओकताना पडला आणि दुसरा फुकट फासावर गेला. वाचक तीनशे पानं थांबून शेवटी हे वाचणार? पुस्तक भिरकावून देईल.”

“पण तसंच झालं होतं साहेब.”

“झालं असेल. तुमच्या त्या खलाशाने मरताना खरंच सांगितलं कशावरून?”

हरिश्चंद्राने निदान नावं तरी बदलायची होती, असं म्हटलं. त्यावर उमराणी म्हणाले की, नाव बदललं की मातीचा वास जातो, आणि नव्वद वर्षांपूर्वीच्या माणसांना आता काय लागणार आहे. ती माणसं संध्याकाळी पुढे येऊन बसणार आहेत, हे हरिश्चंद्राने सांगितलं. उमराणी चहासाठी दाराकडे बघू लागले. मग म्हणाले, चांगलं आहे, येऊ देत, कोकणी माणूस मनाने मोठा असतो. चहा आला, तो हरिश्चंद्र प्यायला. ते त्याने स्वतःला कधी माफ केलं नाही, की तो चहा त्याने पूर्ण प्यायला, आणि कपबशी उचलून बाहेर नेऊन ठेवली.

सभागृह भरलं होतं. वकील, मास्तर, कॉलेजची पोरं, बँकेतले लोक. कमळा तिसऱ्या रांगेत होती, एका बाजूला जानू, दुसऱ्या बाजूला बाजारातल्या त्या दोघी. त्यांच्या आजूबाजूच्या तीन खुर्च्या रिकाम्या राहिल्या होत्या. हरिश्चंद्र भिंतीला लागून ध्वनिक्षेपकाच्या पेटीपाशी उभा होता, ते काम त्याच्याकडे असे. तिने मान वळवून त्याला शोधलं आणि हात केला.

उमराणी छान बोलत. लोकांना हसवलं, गंभीर केलं. ट्रंकेची गोष्ट सांगितली, ती अशी की जिन्याखालची ट्रंक त्यांनीच शोधून काढली असं वाटावं. मग त्यांनी पुस्तक उघडून वाचलं. ‘राहीच्या कमरेवर तो करगोटा दिव्याच्या उजेडात चमकला. मोरूने विचारलं, कुणाचा? ती हसली. त्या हसण्यात व्यापाऱ्याचं मरण होतं.’

पुस्तक मिटून त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तेवढ्यात कमळा उभी राहिली. ती ओरडली नाही. बाजारात जेवढ्या आवाजात बोलायची तेवढ्याही आवाजात नाही.

“ती राही माजी आजी. करगोटा माज्या आज्याचा. मीच तुमच्या हातात दिलेला बघायला.”

मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. आप्पा बेहेरे अध्यक्षांच्या शेजारी होते, ते पुढे वाकून म्हणाले की प्रश्न असतील तर शेवटी चिठ्ठीवर लिहून द्यावेत.

“मना लिवता येत नाय,” कमळा म्हणाली, आणि मागे वळली. “हरीभाव, तू सांग. कागदात काय हाय ता तू सांग ह्यांना.”

सगळ्या माना वळल्या. वकिलांच्या, मास्तरांच्या, ज्यांच्या पुस्तकांवर तो एवढी वर्षं शिक्के मारत होता त्यांच्या. आप्पा त्याच्याकडे टक लावून बघत होते. हरिश्चंद्राला सगळं पाठ होतं, शब्दन् शब्द. त्याने तोंड उघडलं.

“त्या कागदांत... थोडं वेगळं आहे,” तो म्हणाला.

“थोडं?” कमळाने विचारलं.

तो पुढे बोलला असता की नाही, हे त्याला स्वतःला सांगता आलं नाही, कारण उमराण्यांनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला. इतिहास अनेक तोंडांनी बोलतो, असं काहीसं ते म्हणाले. या मावशींच्या भावनांपुढे मी नम्र आहे, म्हणाले. आणि ज्यांनी ते किचकट मोडी कागद वाचायला मदत केली ते इथले हरिश्चंद्र धनावडे तिथे उभे आहेत, त्यांच्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत. टाळ्या झाल्या, चांगल्या जोरात झाल्या. त्या वाजत असतानाच कमळा रांगेतून बाहेर पडली. जानू तिच्यामागे गेला. बाजारातल्या दोघी मात्र शेवटपर्यंत बसल्या, नंतरची चिवडा-कॉफी घेऊन गेल्या.

सोमवारी कमळा बाजारात आपल्या जागेवर होती. हरिश्चंद्र समोर जाऊन उभा राहिला. तिने टोपलीखालून ते फडकं काढलं, त्यातली पत्राची नकल त्याच्या हातात दिली. करगोटा तिच्याकडेच राहिला.

“घिऊन जा. आमच्यांना वाचता येत नाय, आणि ज्यांना येता ते पुस्तक वाचतात.”

तो काही बोलणार होता. तिने विचारलं, मासे काय देऊ? अनोळखी गिऱ्हाइकाला विचारतात तसं. पुढेही तो तिच्याकडूनच मासे घेत राहिला, आणि तिने कधी नाकारले नाहीत. फक्त हरीभाव म्हटलं नाही, आणि पापलेटं ठेवणं बंद झालं. बायका आता ‘फाशीवाल्यांची’ न म्हणता ‘करगोटेवालीची’ म्हणायला लागल्या होत्या. आधीच्या नावात निदान मेलेल्याची दया तरी होती.

हरिश्चंद्राने मूळ बाड परत मागितलं. आप्पा म्हणाले, तूच लिही त्यांना. त्याने तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला कार्ड आलं, जागा बदलताना सामानात काही कागद इकडेतिकडे झाले आहेत, सापडल्यास अवश्य पाठवतो. तो गावातल्या साप्ताहिकाच्या संपादकाकडे गेला. संपादकाने नकल वाचली, त्याला ती पटलीही. पण तो म्हणाला, हे तुमच्याच अक्षरात आहे, मूळ कागद दाखवा, मी पहिल्या पानावर घेतो. मूळ कागद कुठे गेला, कुणी दिला, त्याची नोंद कुठे आहे, हे संपादकाने विचारल्यावर हरिश्चंद्राने नकल घडी करून खिशात घातली. नोंद करणारा तोच होता.

मग पावसाळ्यात एकदा त्याने दुपारी दार लावून घेतलं आणि भागोजीच्या पत्राच्या दोन नकला सुंदर अक्षरात काढल्या. वर लिहिलं, ‘या कादंबरीतील हकिगतीसंबंधी मूळ कागद पुढीलप्रमाणे होता.’ आणि दोन्ही प्रतींच्या शेवटी, मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, खळीने नीट चिकटवल्या. पाच महिने त्या तिथे राहिल्या. पुस्तकाला सतत मागणी होती, साठ-सत्तर घरांत ते जाऊन आलं. परत आलेलं पुस्तक घेताना तो माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचा. कुणी काही बोललं नाही. शेवटी एका निवृत्त हेडमास्तरांनी तक्रार केली की, कुणीतरी वाचनालयाच्या पुस्तकात कागद चिकटवून ते विद्रूप केलं आहे. हरिश्चंद्राला कार्यकारिणीपुढे बोलावलं. त्याने नाकारलं नाही. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्याला पहिल्यांदा लेखी ताकीद मिळाली, आणि कागद त्याने स्वतःच्या हाताने काढावेत असं ठरलं. खळ त्याने चांगली शिजवलेली असे. कागद सहज निघेनात. ओलं फडकं ठेवून, सुरीच्या पात्याने, कोपऱ्याकोपऱ्याने सोडवता सोडवता त्याची दुपार गेली. एका प्रतीतला कागद फाटला, दुसरा अख्खा निघाला.

अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात कमळा गेली. बाजारात तिच्या जागेवर दुसरी बाई बसलेली दिसली, तिला विचारल्यावर कळलं. तो दिवसकार्याला गेला नाही. घराच्या पायऱ्यांपर्यंत गेला होता.

निवृत्त व्हायला तीन महिने राहिले होते तेव्हा एक मुलगी टेबलाशी आली. अकरावीत होती, कॉलेजमार्फत नवी सभासद झाली होती. कार्डावर नाव वाचून हरिश्चंद्राने वर पाहिलं. कमळाच्या मांडीवर बसलेली मालन ती हीच. तिने त्याला ओळखलं नाही. तिने उमराण्यांची ती कादंबरी मागितली. देऊ नये असं काही कारण नियमात नव्हतं. त्याने तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक तिच्या हातात दिलं.

पाचव्या दिवशी तिने ते परत आणलं. रांगेत दुसरं कुणी नव्हतं. न राहवून त्याने विचारलं, कशी वाटली?

“खूप छान,” ती म्हणाली. मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, “आमच्याच घरातलं आहे ते. आजी म्हणायची, आमचे तसले नव्हतेच. पण आजीला काय, लिहितावाचता येत नव्हतं. ह्यात सगळं तारखेनिशी दिलंय.”

हरिश्चंद्राने खण उघडला. अख्खा निघालेला तो कागद आत होता, कडेला वाळलेल्या खळीचे पापुद्रे धरलेला. त्याने तो तिच्यापुढे ठेवला आणि या वेळी सगळं सांगितलं. ट्रंक, बाड, पत्र, तिच्या आजीच्या ओटीवरचा तो रविवार, कुणी काय केलं आणि आपण काय केलं नाही तेही. तो एवढं कधी कुणाशी बोलला नव्हता. मुलीने मध्ये एकदाही अडवलं नाही. शहाणी मुलगी होती. कागद तिने शेवटपर्यंत वाचला, पालटून मागची कोरी बाजू पाहिली.

“हे कुठे छापलंय?” तिने विचारलं.

“छापलेलं नाही.”

“मग कुणाचं अक्षर आहे हे?”

“माझं,” हरिश्चंद्र म्हणाला.

मुलीने मान हलवली. तिला वाईट वाटलं होतं, ते त्याच्यासाठी, हे त्याला दिसलं. तिने कागद जपून घडीवर घडी घालून टेबलावर परत ठेवला, आणि उमराण्यांचं दुसरं काही आहे का म्हणून विचारलं. होतं. तीन होती. त्याने उठून कपाटातून त्यातलं एक काढून दिलं.